अल्बेरूनीचा ग्रंथ

परक्या लोकांविषयीचे आपले ज्ञान बहुधा ऐकीव असते. शेजारच्या गावच्या माणसांविषयीदेखील आपण चार गोष्टी ऐकतो, त्यांत दोन पदरच्या घालतो आणि तेवढ्यावर मत बनवून मोकळे होतो. मग ज्यांची भाषा निराळी, धर्म निराळा आणि ज्यांच्याशी आपल्या राजाचे युद्ध चाललेले, अशा लोकांची विचारपूस कोण कशाला करील? सुमारे १००० वर्षांपूर्वी एका विद्वानाने ती केली आणि तिच्यातून ८० प्रकरणांचा एक ग्रंथ सिद्ध केला. त्या विद्वानाचे नाव अबू रैहान अल्बेरूनी.

अल्बेरूनीचा जन्म इ. स. ९७३ मध्ये ख्वारिज्म प्रांतात झाला. त्याचे जन्मस्थान आज उझबेकिस्तानात मोडते. गणित, ज्योतिष, भूगोल या शास्त्रांत त्याने लहान वयातच नाव मिळवले. परंतु इ. स. १०१७ मध्ये गझनीच्या महमुदाने ख्वारिज्म जिंकून घेतले आणि तेथील विद्वानांना आपल्या राजधानीस नेले. त्यांत अल्बेरूनीही होता. ज्या महमुदाने हिंदुस्थानवर स्वाऱ्या करून देवळे लुटली, त्यानेच अल्बेरूनीला त्याच्या मायभूमीपासून तोडले होते. ही गोष्ट ध्यानात ठेवून त्याचा ग्रंथ वाचला पाहिजे.

ग्रंथ लिहिण्याचे निमित्त मोठे बोधक आहे. अबू सहल नावाच्या एका विद्वानाने कोणा ग्रंथकाराचे पुस्तक वाचले. त्या ग्रंथकाराने आपल्याहून भिन्न मताच्या पंथाचे म्हणणे विपर्यस्त करून मांडले होते. अबू सहलने याविषयी अल्बेरूनीजवळ खेद व्यक्त केला, तेव्हा तो म्हणाला, की हिंदूंविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्याची गतही याहून निराळी नाही. एकाने दुसऱ्याचे उतरून घ्यावे आणि मूळ खरे की खोटे हे कोणीच पाहू नये, असा प्रकार आहे. तर मग तूच लिही, असा अबू सहलने आग्रह धरला. अल्बेरूनीने लिहावयास घेतले, पण आरंभीच एक मर्यादा घालून घेतली. हा वादाचा ग्रंथ नव्हे. हिंदू जे मानतात ते ते मानतात तसेच मी सांगेन, मग ते माझ्या धर्माशी जुळो अथवा न जुळो.

हे व्रत पाळणे सोपे नव्हते. वयाची चाळिशी उलटल्यावर त्याने संस्कृतचा अभ्यास केला. या भाषेतले कित्येक वर्ण आमच्या जिभेला वळत नाहीत, एकाच वस्तूला अनेक नावे आणि एकाच शब्दाचे अनेक अर्थ, अशी त्याची तक्रार आहे. शिवाय नकला करणारे इतके निष्काळजी, की एकदोनदा नक्कल होताच मूळ ग्रंथ ओळखू येईनासा होतो. तरीही पोथ्या जेथून मिळतील तेथून त्याने मिळवल्या आणि त्यांसाठी पैशाकडे पाहिले नाही. पंडितांपुढे तो प्रथम शिष्य होऊन बसे. पुढे गणिताची कारणमीमांसा तोच त्यांना समजावून देऊ लागला, तेव्हा पंडित चकित झाले आणि तू हे आमच्यापैकी कोणत्या गुरूपाशी शिकलास, असे विचारू लागले. हे सांगताना अल्बेरूनीला थोडा अभिमान वाटतो, हे लपत नाही.

मूर्तिपूजेविषयीचे त्याचे प्रकरण विशेष वाचनीय आहे. मूर्तिपूजा त्याला मान्य नव्हतीच. तथापि ती कोठून उपजते, याचा त्याने शांतपणे विचार केला. सामान्य माणसाचे मन डोळ्यांना दिसेल अशा वस्तूकडे ओढ घेते आणि हे सर्व देशांत सारखेच आहे, असे त्याला दिसले. आपल्या पैगंबराचे किंवा मक्केचे चित्र एखाद्या भोळ्या मुसलमानाला दाखवले, तर तोही हर्षभराने त्याचे चुंबन घेईल, असे तो लिहितो. हिंदूंमधील ज्ञानी लोक एकाच ईश्वराला मानतात, हेही त्याने गीतेसारख्या ग्रंथांचे आधार देऊन दाखवले आहे.

त्याने गोड बोलून कोणाची मर्जी मात्र राखली नाही. आपल्यासारखा देश नाही, आपल्यासारखे राजे नाहीत आणि आपल्यासारखी शास्त्रे नाहीत असे हिंदूंना वाटते, हे त्याने रोखठोक लिहिले. त्यांचे पूर्वज असे नव्हते, असे म्हणून परकीय ग्रीकांच्या विद्येला मान देणाऱ्या वराहमिहिराचा दाखला त्याने दिला. हिंदू लोक आपल्या मुलांना आमच्या वेषाची भीती घालतात, असे सांगून लगेच तो जोडतो, की न्यायाने पाहता परक्यांना तुच्छ लेखण्याची ही खोड आमच्यात आणि इतर सर्व राष्ट्रांतही आहे. महमुदाच्या स्वाऱ्यांनी या देशाचे वैभव धुळीस मिळाले, हिंदू दाही दिशांना उधळले गेले आणि त्यांच्या मनात आमच्याविषयी तिटकारा उरला, हेही त्याने लिहून ठेवले. हा ग्रंथ त्याने इ. स. १०३० च्या सुमारास गझनीतच पुरा केला. तेथे बसून असे लिहिणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

त्याला सर्वच दिसले असे नाही. आपण मुलतान, लाहोर, पेशावर या बाजूच्या पलीकडे गेलो नाही, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. महाराष्ट्र आणि कोकण यांची नावे त्याच्या ग्रंथात येतात, समुद्रकाठच्या ठाण्याचा राजधानी म्हणून उल्लेख येतो. परंतु हे सर्व ऐकून लिहिलेले. कोकणात पाठीवरही चार पाय असलेला शरभ नावाचा प्राणी राहतो, असे त्याला कोणी सांगितले आणि त्याने ते नोंदवले! पाहिलेल्याची सर ऐकलेल्याला येत नाही, असे ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात सांगणाऱ्या लेखकाची ही गत. याहून मोठी उणीव अशी, की त्याचे बहुतेक ज्ञान पंडितांकडून आणि पोथ्यांतून आलेले आहे. धोबी, चांभार, कोळी, विणकर हे वर्णव्यवस्थेच्या बाहेर ठेवलेले लोक, एवढी नोंद तो करतो. पण त्यांना स्वतःविषयी काय वाटत होते, ते या ग्रंथात नाही.

मूळ अरबी ग्रंथ जर्मन पंडित एडवर्ड साखाऊ याने इ. स. १८८७ मध्ये छापून प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतर आले. त्यात एके ठिकाणी अल्बेरूनी आपल्या आणखी एका उद्योगाविषयी सांगतो. हिंदूंची विद्या अरबीत नेत असतानाच तो युक्लिडचे भूमितीवरील आणि टॉलेमीचे ज्योतिषावरील पुस्तक हिंदूंकरिता संस्कृतात आणण्याच्या खटपटीत होता. त्यासाठी तो श्लोक रचण्याचा सराव करीत होता. कारण पंडितांना शास्त्रदेखील श्लोकांतच हवे असे. गद्य सोपे असता हे लोक ते पद्यात घालून दुर्बोध करतात, अशी त्याची तक्रार मात्र होती.