सूज उतरल्यानंतर

आपल्याकडील मैदानी खेळांत दुखापतीचा निवाडा बहुधा वेदनेवर केला जातो; वेदना आहे तोवर खेळाडू आजारी आणि ती शमली की तो पुन्हा कामगिरीवर रुजू होण्यास पात्र, असा एक अलिखित दस्तूर तालमींतून आणि क्रीडामंडळांतून चालत आला आहे. या दस्तुराची किंमत मी खो-खोच्या मैदानावर माझ्या उजव्या गुडघ्याने मोजली, आणि पुढे मुलामुलींना खेळ शिकविण्याची जबाबदारी अंगावर आल्यावर तीच किंमत इतरांकडून वसूल होताना पाहिली. म्हणून हे लिहिण्याचे प्रयोजन.

संरक्षण करीत असताना, पाठीशी आलेल्या आक्रमकाला हुलकावणी देण्यासाठी उजवा पाय रोवून मी डावीकडे वळलो, एवढेच घडले. कोणी धक्का दिला नव्हता, कोणी अंगावर पडले नव्हते. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज मात्र मला स्पष्ट ऐकू आला, आणि दिवेलागणीपूर्वी सांधा इतका फुगला की वाटी दिसेनाशी झाली. मंडळाच्या चालकांनी ती मुरगळ ठरविली, जाणत्यांनी तेल लावून पाय रगडला, आणि सूज उतरताच, हंगाम तोंडावर आला आहे या सबबीवर, मैदानात उतरण्याचे फर्मान निघाले. सरळ धावताना गुडघ्याने कसलीही कुरकुर केली नाही. पहिल्याच वळणाला मात्र त्याने दगा दिला, आणि या खेपेस आधी तुटलेल्या अस्थिबंधाच्या जोडीला दोन हाडांमधील गादीही फाटली, हे पुढे शल्यचिकित्सकांनी दाखवून दिले.

ज्या बंधाला आता खेळाडूही एसीएल म्हणून ओळखतात, तो बहुतेक वेळा असाच, परस्पर्शाविना तुटतो: एकाएकी थांबताना, उडी घेऊन एका पायावर उतरताना, किंवा रोवलेल्या पावलावर धड फिरविताना. दुखापतीनंतर काही तासांच्या आत गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्तस्राव झाला असण्याचा संभव मोठा असतो. अशा गुडघ्यावर कोणालाही रगडण्याची मुभा देऊ नये, आणि अस्थिरोगतज्ज्ञाने तपासल्याशिवाय खेळाडूला मैदान दाखवू नये.

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत मला जे कळले, ते त्यापूर्वी कोणी सांगितले नव्हते. भौतिकोपचार करणाऱ्या बाईंनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, वाटीच्या वर आतल्या अंगाला बोट टेकविले आणि ती गुंडाळी खाली दाबण्यास सांगितले; मी दात-ओठ खाऊन जोर लावीत होतो, पण बोटाखालचा स्नायू हलत नव्हता. सांध्यात द्रव साठला की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूचे काम आपोआप आवरते घेते, वेदना नसली तरी घेते, आणि हा अंमल सूज दिसेनाशी झाल्यावरही दीर्घकाळ चालू राहू शकतो. हरवलेले हे बळ विश्रांतीने परत येत नाही. ते मागून घ्यावे लागते. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर शिकागोच्या लष्करी रुग्णालयात उपचार करणारे डॉ. थॉमस डेलॉर्म यांनी, हलके वजन असंख्य वेळा हलविण्याच्या तत्कालीन प्रघाताऐवजी जड वजन मोजक्या वेळा उचलण्याची आणि ते क्रमाक्रमाने वाढविण्याची पद्धत 1945 साली प्रसिद्ध केली. आजचे बहुतेक पुनर्वसन त्याच तत्त्वावर उभे आहे.

जोर-बैठकांवर माझी श्रद्धा आहे, आणि दमसास व चिकाटी त्यांनी मिळते याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु दोन्ही पायांवर काढलेल्या बैठकांत धडधाकट पाय दुबळ्या पायाचा भार निमूटपणे आपल्याकडे ओढून घेतो, आणि मोजणारा आकडा पाहून संतुष्ट होतो. यास्तव बरे होणाऱ्याने एका पायाचे व्यायाम वेगळे केले पाहिजेत. पायरीवर उभे राहून एक पाय सावकाश खाली उतरवावा आणि आरशात पाहावे: वरचा गुडघा आतल्या बाजूला कलत असेल, तर नितंबाचे आणि मांडीचे स्नायू अजून अपुरे आहेत असे समजावे. वर चढण्यापेक्षा खाली उतरण्याचे, म्हणजे वेग आवरण्याचे, बळ गुडघ्याला अधिक राखते, आणि आमच्या सरावात नेमकी तीच बाजू लंगडी राहते.

परतण्याची मुदत ठरविताना दिनदर्शिका आणि बळ या दोहोंचा दाखला हवा. शस्त्रक्रियेत बसविलेला नवा बंध शरीर आपलासा करीत असताना मधल्या काही महिन्यांत सुरुवातीपेक्षाही कमकुवत होतो, आणि नेमक्या त्याच काळात रुग्णाला आपण ठणठणीत झालो असे वाटू लागते. ऑस्लो व डेलावेअर येथील संशोधकांनी 2016 साली दाखविले, की नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके महिने लांबवावे, तितके दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटते. मांडीचे बळ दुसऱ्या पायाच्या 90 टक्क्यांपर्यंत पोहोचावे, ही अटही त्याच विचारातली.

दुखापत टाळण्याची तजवीज याहून पुष्कळ स्वस्त आहे. नॉर्वेतील 13 ते 17 वर्षांच्या फुटबॉलपटू मुलींकडून वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम, धावणे, तोल, उड्या, मांडीचे बळ असा, नेमाने करवून घेतला, तेव्हा एकूण दुखापती जवळजवळ एक-तृतीयांशाने घटल्या, हा 2008 सालचा निष्कर्ष आहे. त्यातलाच एक प्रकार आमच्या मुली आवडीने करतात: जोडीदारीण घोटे धरून बसते आणि गुडघ्यांवर उभी असलेली मुलगी धड ताठ ठेवून पुढे हळूहळू झुकत, स्वतःला आवरत जमिनीकडे जाते. पळताना मांडीचा मागचा स्नायू लचकण्याचे प्रमाण या एका व्यायामाने निम्म्यावर येते. मुलींमध्ये एसीएल तुटण्याचा धोका मुलांहून कित्येक पटींनी अधिक असल्यामुळे, त्यांच्या शाळांनी तर हा वीस मिनिटांचा व्यायाम सरावाच्या आरंभीच ठेवावा. शेवटी ठेवला की थकलेल्या मुली तो टाळतात आणि शिक्षकही घाईने घंटा देतात.

आणखी एक तजवीज मी प्रत्येक हंगामापूर्वी करतो, ती इतरांनीही करावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक मुलामुलीची एका पायावरची लांब उडी, उजव्या व डाव्या पायाची वेगवेगळी, फितीने मोजून नोंदवहीत उतरून ठेवावी. दुखापतीनंतर पडून राहिल्याने धडका पायही खंगतो, आणि त्याच्याशी तुलना केली तर अधू पाय आहे त्यापेक्षा सुदृढ भासतो. म्हणून उडी जुन्या आकड्याशी ताडून पाहावी, आणि तो आकडा गाठेपर्यंत खेळाडूचे नाव संघाच्या यादीत चढवू नये, मग चालकांचा तगादा कितीही असो.