मोरचूद, कळीचा चुना आणि विळ्याचं पातं

पोफळीच्या वाडीत आषाढात कोवळ्या सुपाऱ्यांचा सडा पडला, की वाऱ्यापावसानं झोडपलं असं म्हणून सोडून देऊ नका. एक सुपारी उचला, देठाकडे बघा. तिथे पाण्यानं भिजल्यासारखा काळपट हिरवा डाग असेल आणि पुढे त्यावर पांढरी बुरशी धरली, तर तो कोळेरोग. तो आणणाऱ्या फायटोफ्थोरा या बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहतात, त्यामुळे कोकण-गोव्यातली संततधार त्याला चांगलीच मानवते. हयगय झाली तर रोग शेंड्यापर्यंत जातो आणि सबंध झाड हातचं जातं.

यावर आमच्या भागात पूर्वापार चालत आलेला उपाय म्हणजे एक टक्का बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्ये बोर्डोच्या परिसरात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्याच वेलींवर केवडा रोग कमी पडतो हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी हेरलं आणि १८८५ मध्ये जगासमोर मांडलं. औषध साधं आहे, स्वस्त आहे, पण कसंही कालवलेलं चालत नाही. हे मी माझ्याच वाडीत पाहिलं.

एका वर्षी फवारणीची टोळी दुसऱ्या गावातलं काम उरकून आली ती पिंपात तयार मिश्रण घेऊनच. ‘‘वहिनी, कालचंच आहे, वाया कशाला घालवायचं?’’ टोळीतला दादा म्हणाला. मी विहिरीकडून येईपर्यंत पुढच्या ओळींवर फवारून झालं होतं. पिंपात डोकावले तर निळा गाळ तळाला आणि वर जवळजवळ नितळ पाणी. विळ्याचं पातं बुडवून धरलं, त्यावर तांबूस थर चढला. म्हणजे चुना कमी पडलेला. त्या ओळींतली कोवळी फळं करपून गळली, आणि जी तगली ती पावसात कोळेरोगानं नेली. उरलेल्या वाडीवर त्याच टोळीकडून, माझ्यासमोर कालवलेलं ताजं मिश्रण मारून घेतलं. तिथली शिंपुटं, म्हणजे सुपारीचे घड, टिकली.

म्हणून कालवताना स्वतः उभे राहा. शंभर लिटरसाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. चुना ताज्या कळीचाच हवा. हवा लागून भुगा झालेला जुना चुना मोरचुदाचा दाह मारत नाही, आणि फसगत बहुतेक इथेच होते. मोरचूद पन्नास लिटर पाण्यात वेगळा विरघळवा, चुना फोडून, गाळून उरलेल्या पन्नास लिटरमध्ये. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची. लोखंडी, पत्र्याची नकोत. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता आणि काठीनं ढवळत राहा. आभाळी निळा रंग यायला हवा. स्वच्छ घासलेला विळा मिनिटभर बुडवा; तांबूस झाला तर चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा तपासा. मिश्रण त्याच दिवशी संपवा. ते शिळं झालं की कण जाड होतात, खाली बसतात, फळाला चिकटत नाहीत.

पहिली फवारणी पाऊस सुरू होण्याआधी, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून. बोर्डो रोगाला अटकाव करतो, आत शिरलेला रोग बरा करत नाही, म्हणून पहिली फवारणी चुकवू नका. झावळ्या धूत बसू नका, शिंपुट सगळ्या बाजूंनी भिजवा. ओल्या खोडावर माणूस घसरतो. दुसऱ्या वेळी लांब नळीचा पंप मिळत असेल तर तोच घ्या. फवारणाऱ्याला चष्मा आणि हातमोजे द्याच.

बोर्डो सौम्य म्हणून वारेमाप मारण्याचं औषध नव्हे. मोरचुदातलं तांबं मातीत साठत जातं, गांडुळांना आणि माशांना बाधतं. विहिरीवर ताडपत्री टाका, पिंपं पाटाच्या पाण्यात धुऊ नका. झाडं थोडी असतील तर पावसाआधी शिंपुटांना खाली तोंड उघडं ठेवून प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा; फवारणी वाचते. गळलेली रोगट फळं रोजच्या रोज गोळा करून वाडीबाहेर जाळा किंवा पुरा.

टोळी ठरवाल तेव्हाच सांगून ठेवा की मिश्रण आमच्या वाडीत, आमच्या समोर कालवायचं. मोरचूद आणि ताजी कळी मे महिन्यातच घरात आणून ठेवा.