दिलेल्या कपड्यांचं पुढे काय होतं?

दारावर येणारी बोहारीण आठवते ना? आई जुन्या साड्या पुढे करते. बोहारीण एकेक साडी उजेडात धरते, "ताई, ही विरलीय" म्हणून बाजूला टाकते आणि मगच स्टीलचं पातेलं देते. जुन्या कपड्यांचा जगभरचा व्यवहार याच कामावर चालतो. ते काम म्हणजे वर्गवारी!

ब्रिटन-अमेरिकेत लोक सेवाभावी संस्थांना कपडे देतात. ते थेट गरिबांच्या अंगावर जातात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात निवडक कपडे संस्थेच्या दुकानात विकले जातात आणि त्या पैशातून तिचं काम चालतं. उरलेला मोठा हिस्सा व्यापारी किलोवर घेतात आणि गठ्ठे बांधून परदेशी पाठवतात. घानाची राजधानी अक्रा इथल्या कांतामांतो बाजारात विक्रेते हे गठ्ठे न उघडताच विकत घेतात. आत फाटके, डागाळलेले कपडे निघाले तर नुकसान त्यांचं. हा कचरा शेवटी गटारांत आणि समुद्रकिनाऱ्यावर जातो.

लोकरीचे बरेच जुने कपडे मात्र भारतात, पानिपतला येत. होय, आपलं १७६१ चं पानिपत! पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून ते आधीच फाडलेले असतात. इथे बटणं, चेन, अस्तर काढून रंगांप्रमाणे ढीग लावतात. त्यामुळे सूत पुन्हा रंगवावं लागत नाही. पाणी आणि रसायनं वाचतात. मग दातेरी रोलरच्या मशीनमध्ये कापड पिंजलं जातं. यात तंतू तुटून आखूड होतात, सूत कमजोर होतं. म्हणून त्यात नवे, लांब तंतू मिसळतात. हे 'शॉडी' सूत. इंग्लंडमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉ यांनी १८१३ साली हे तंत्र काढलं. या सुताची स्वस्त ब्लँकेटं आपत्तीग्रस्तांना वाटली जातात. म्हणजे दान फिरून दानच होतं! पण आता पॉलिएस्टरच्या नव्या ब्लँकेटांनी या धंद्यावर गदा आणली आहे.

आणि आपण? २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून होते. ते कोणाच्या उपयोगाचे नव्हते. देणाऱ्यांनी घर रिकामं केलं, निवडायचं काम संकटातल्या माणसांवर टाकलं.

तेव्हा पुढच्या वेळी हॉस्टेलवर कपडे गोळा करायला कुणी आलं, तर पिशवी भरण्याआधी एकेक कपडा धुऊन, बोहारणीसारखा उजेडात धरून बघा. तिने नाकारला असता, तो दान म्हणून कशाला द्यायचा?