विसरणाऱ्या मेंदूचा शोध

आजीने चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच विसरणे वेगळे. दुसरे केवळ वयामुळे होत नाही. तो आजार असतो.

१९०६ साली आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी अशा एका मृत स्त्रीच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पेशींबाहेर प्रथिनांचे साठे आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते दिसले. पण हे पाहण्यासाठी रुग्णाच्या मृत्यूची वाट पाहावी लागे.

येथे भौतिकशास्त्र मदतीला आले. साठ्यांना चिकटणाऱ्या रसायनात किरणोत्सारी कार्बन-११ घालून ते शिरेतून टोचतात. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटला, की दोघेही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. डोक्याभोवतीचे डिटेक्टर ते टिपतात. हाच पेट स्कॅन. कार्बन-११ चा अर्धायुकाल सुमारे २० मिनिटे, म्हणून सारे काम झटपट! २००४ साली जिवंत रुग्णांमधील साठ्यांची अशी चित्रे प्रसिद्ध झाली.

नवल असे, की काही वृद्धांच्या मेंदूत साठे असूनही त्यांची स्मृती चांगली असते. मग खरे कारण कोणते? साठे, गुंते, रक्तवाहिन्यांचे विकार, की सर्व मिळून? संशोधन चालूच आहे. तोवर आजी विसरली तर हसू नका. तिला डॉक्टरांकडे न्या.