पाठ १४ : सालीवरून झाड ओळखा

वाचण्यापूर्वी : हिवाळ्यात पानं गळतात, फुलं नसतात. मग झाडाचं नाव कसं सांगाल?

अमेरिकेत हाताने लाकडी धनुष्य बनवणारे बरेच जण लाकूड हिवाळ्यात तोडतात. तेव्हा पानं नसतात, म्हणून झाड ओळखायला साल बघावी लागते.

ओळख चुकली तर काय बिघडतं? धनुष्य ताणलं, की त्याची बाहेरची बाजू, म्हणजे 'पाठ', ताणली जाते आणि आतली बाजू, म्हणजे 'पोट', दाबलं जातं. हा ताण सगळ्या लाकडांना सोसत नाही. चुकीचं लाकूड ऐन वेळी तडकतं आणि तुकडे तोंडाजवळ उडतात. शिवाय एक झाड उगाच गेलं, ते वेगळंच!

आता तीन झाडं बघूया.

१. शॅगबार्क हिकरी : हिची साल लांब पट्ट्यांनी सुटते. पट्टी मध्ये चिकटलेली असते आणि टोकं बाहेर वळलेली. हिचं चिवट लाकूड कुऱ्हाडीच्या दांड्यालाही वापरतात. पण लक्षात ठेवा, कोवळ्या हिकरीची साल गुळगुळीत असते. तिथे हा नियम चालत नाही. खाली चार फाकांची टरफलं पडली आहेत का, ते बघा.

२. पांढरा ॲश : सालीवर शंकरपाळ्यांसारखी जाळी दिसते. अशी जाळी काळ्या अक्रोडालाही असते. मग वर बघा. ॲशच्या डहाळ्या समोरासमोर जोडीने फुटतात, अक्रोडाच्या एक इकडे, एक तिकडे. सालीला सुमारे ३ मिलिमीटरची, इंग्रजी 'डी' अक्षरासारखी भोकं असतील, तर झाडाला हिरव्या भुंग्याची कीड लागली आहे. ही कीड अमेरिकेत २००२ साली मिशिगन राज्यात सापडली. तिने कोट्यवधी ॲश मारले आहेत. असं लाकूड गाडीत घालून दुसऱ्या गावी नेऊ नका, कीडही तुमच्याबरोबर प्रवास करते.

३. ओसेज ऑरेंज : साल तपकिरी, भेगांची. भेगांत नारिंगी झाक दिसते. आतलं लाकूड पिवळंधमक असतं, पुढे ते तपकिरी होतं. फांद्यांवर एकेकटे काटे असतात. काटे जोडीजोडीने असतील, तर तो बहुधा ब्लॅक लोकस्ट. ओसेज लोकांची या लाकडाची धनुष्यं नावाजलेली होती. फ्रेंच लोकांनी तर झाडालाच 'धनुष्याचं लाकूड' असं नाव दिलं. मादी झाडाखाली खडबडीत, हिरवी, मोठी फळं पडलेली दिसतात. फळ कापलं की चीक निघतो. फणस आठवला ना? बरोबर! दोघं एकाच कुळातले.

आपल्याकडे सातपुड्यातले भिल्ल बांबूचं धनुष्य करतात, दोरीही बांबूचीच. तिथे साल बघायचा प्रश्नच नाही. बांबू हे गवत आहे, त्याला साल नसते.

जंगलात जाताना

- एका खुणेवर विसंबू नका. साल, डहाळ्या आणि जमिनीवर पडलेलं, तिन्ही बघा.
- खोडावर केसाळ दोरीसारखी वेल दिसली तर हात लावू नका. ती पॉयझन आयव्ही असू शकते. पानं नसतानाही तिने अंगावर पुरळ उठतं.
- जिवंत झाडाची साल सोलू नका. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. सभोवार साल काढली, तर झाड मरतं.
- जागेच्या मालकाला विचारल्याशिवाय फांदीही तोडू नका.

शब्दार्थ : चिवट – सहज न तुटणारं, डहाळी – लहान फांदी, चीक – झाडातून किंवा फळातून निघणारा चिकट रस, विसंबणे – भरवसा ठेवणे.

भाषेची गंमत : 'ती साल' झाडाची, 'ते साल' म्हणजे वर्ष. पाठात दोन्ही शोधा.

प्रश्न

१. धनुष्याची 'पाठ' आणि 'पोट' म्हणजे काय?
२. सालीवर जाळी आहे, पण डहाळ्या एक इकडे, एक तिकडे आहेत. हे झाड ॲश आहे का? कारण सांगा.
३. कीड लागलेलं लाकूड दुसरीकडे का नेऊ नये?

करून बघा : घराजवळच्या एका झाडाच्या सालीवर कागद ठेवून रंगखडू घासा. उमटलेल्या ठशाचं चार वाक्यांत वर्णन लिहा.