मुंबई सोडून गावाकडे जाताना औषधांची फाइल सोबत घ्या

घरभाडे परवडत नाही, वस्तीचा पुनर्विकास रखडला, नोकरी सुटली. अशा कारणांनी आपली कितीतरी कुटुंबे मुंबईहून महाड, चिपळूण, खेडकडे परतत आहेत. बाबासाहेबांनी खेडे सोडून शहर गाठायला सांगितले होते, त्याला कारणे होती. ती सगळी संपली आहेत असे म्हणवत नाही. म्हणून परतायचेच असेल तर आडगावापेक्षा तालुक्याचे गाव निवडावे. दवाखाना, शाळा आणि एसटी तिथे जवळ असते.

घरात टीबीचा रुग्ण असेल तर सामान बांधण्याआधी त्याचा विचार करा. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिल्या महिन्याभरात खोकला कमी होतो, वजन वाढते, आणि नेमके तेव्हाच स्थलांतर झाले की गोळ्या सुटतात. अर्धवट सोडलेला टीबी पुढे औषधांना दाद देत नाही. निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी आपल्या हेल्थ पोस्टमध्ये नवीन पत्ता सांगा. तिथले कर्मचारी निक्षय नोंदणी नव्या ठिकाणी वर्ग करतात. निक्षय क्रमांक आणि उपचार कार्ड जवळ ठेवा, मधल्या दिवसांच्या गोळ्या मागून घ्या. पोषणासाठी दरमहा मिळणारे 1,000 रुपये उपचार चालू असेपर्यंत मिळतात. गाव बदलले म्हणून ते बंद व्हायचे कारण नाही.

बीपी-शुगरवाल्यांनी गोळ्यांची रिकामी पाकिटे फेकू नयेत. "पांढरी छोटी गोळी" एवढ्यावर नवा डॉक्टर काय ओळखणार? इन्सुलिन घेणाऱ्यांना वीज जाण्याचा त्रास होतो. फ्रिज नसेल तर कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, सावलीत, पाणी भरलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावी. बर्फात मात्र ठेवू नये.

नळाच्या पाण्याची सवय झालेल्यांनी विहिरीचे पाणी उकळूनच प्यावे, पावसाळ्यात तर नक्कीच. विहिरीत टीसीएल पावडर टाकली का, हे ग्रामपंचायतीत विचारायला लाजू नका.

आता शहरात ठाऊक नसलेली गोष्ट. आपण जमिनीवर झोपतो. मण्यार रात्री फिरतो, त्याचा दंश बरेचदा दुखतही नाही. सकाळी पोटात दुखते, उलटी होते, पापण्या जड होऊन डोळे उघडत नाहीत, आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. अशा वेळी वाट पाहू नका. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. साप चावला तर आवळपट्टी, ब्लेड, मांत्रिक यातले काहीही नको. साप पकडत बसू नका. हात-पाय न हलवता 108 ला फोन करून थेट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते.

विंचवाचेही तसेच. कोकणातला लाल विंचू हृदयावर घात करतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या बीपीच्या गोळीने त्यावर उपचार रूढ केला आणि असंख्य जीव वाचले. घाम सुटणे, वांत्या, हातपाय गार पडणे दिसले की मंत्र ऐकत बसायचे नाही.

रेशनकार्ड आधारशी जोडलेले असेल तर धान्य नव्या गावच्या दुकानातूनही उचलता येते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तालुक्यातले किंवा जिल्ह्यातले कोणते रुग्णालय आहे, हे मात्र पोहोचल्या आठवड्यातच विचारून घ्या आणि नाव भिंतीवर लिहून ठेवा.