पेनिसिलीनची ॲलर्जी: रक्त काय सांगतं?

शिर्डीला साईनाथ रुग्णालयात केसपेपर काढताना आपण बिनधास्त सांगतो, "पेनिसिलीन चालत नाही." पण पुरावा? लॅबमध्ये रक्तातली आयजीई अँटिबॉडी मोजतात. पेनिसिलीनचा अंश चिकटवलेल्या इवल्याशा स्पंजवर सीरम टाकलं की जुळणारी आयजीई तिथे अडकते. आपल्या भाषेत सेन्सरच! मात्र रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे सुटलो, असं नाही हं. ही अँटिबॉडी वर्षागणिक कमी होते. आणि उशिरा उठणारं पुरळ टी-पेशींमुळे येतं, ते या टेस्टला दिसतच नाही. म्हणून स्किन टेस्ट, मग डॉक्टरांसमोरच थोडा डोस. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली बनू लागलेलं हे औषध लहानपणीच्या एका पुरळापायी जन्मभर टाळायचं? आधी घरी फोन करून आईला विचारा: कोणती गोळी होती, किती वेळाने आणि नेमकं काय झालं.